आरोग्यविषयक प्रश्नोत्तरे : पावसाळ्यातले दंश, जुलाब आणि बंद न्हाणीघर

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय बदलतात. सांधेदुखी, साखर, रक्तदाब यांविषयीच्या शंका मागे पडतात आणि कुत्रा, साप, विंचू, जुलाब, ताप यांविषयीची पत्रे वाढतात. या अंकासाठी निवडलेल्या पत्रांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांतल्या प्रत्येक संकटावर उपाय उपलब्ध आहे आणि तो बहुतेक ठिकाणी सरकारी रुग्णालयात मोफत मिळतो. तरीही माणसे दगावतात, कारण घटना घडल्यापासून उपचार सुरू होईपर्यंतचा मोलाचा वेळ घरगुती उपायांत, वाट पाहण्यात किंवा संकोचात निघून जातो. म्हणून प्रत्येक उत्तरात शरीराच्या आत काय घडत असते हे थोडे सविस्तर सांगितले आहे. ते एकदा लक्षात आले की घाई कुठे करायची आणि कशासाठी करायची, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला आमच्या गल्लीतल्या कुत्र्याने चावा घेतला. दोन ठिकाणी दात लागून थोडे रक्त आले. सासूबाईंनी लगेच हळद आणि चुना भरला. कुत्रा ओळखीचा आहे आणि चांगला हिंडतो-फिरतो आहे, तेव्हा दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे आणि तो मेला तरच इंजेक्शने घ्यावीत, असे सगळे सांगतात. पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या भीतीने मुलगा रडतो आहे. रक्त तपासून विषाणू शिरला की नाही ते कळते का? — एक गृहिणी, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपण हे वाचेपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे, आणि तसा निरोप आपल्याला टपालाने वेगळा पाठवलाही आहे. थांबला असाल, तर अंक बाजूला ठेवून मुलाला आजच जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. चावा होऊन दिवस उलटले म्हणून लस घेण्यात अर्थ उरत नाही असे नसते. जितक्या लवकर घेता येईल तितक्या लवकर ती घ्यायची असते.

रेबीजचा विषाणू बाधित जनावराच्या लाळेत असतो आणि दाताबरोबर तो आपल्या स्नायूंत उतरतो. इतर अनेक रोगजंतूंप्रमाणे तो रक्तातून शरीरभर पसरत नाही, आणि म्हणूनच चावल्यानंतर रक्त तपासून तो सापडत नाही. जखमेजवळच्या मज्जातंतूच्या टोकातून तो आत शिरतो आणि त्या तंतूच्या आतून मज्जारज्जूकडे व तेथून मेंदूकडे सरकत जातो. हा प्रवास दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने होतो. त्यामुळे लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, क्वचित एखादा आठवडा पुरतो, तर क्वचित वर्षही जाते. चेहरा, मान किंवा बोटांवरचा चावा अधिक धोक्याचा समजतात, कारण तेथून मेंदूचे अंतर कमी असते किंवा त्या भागात मज्जातंतूंचे जाळे दाट असते. लहान मुलांची उंचीच कमी असल्याने त्यांना चेहऱ्यावर चावे अधिक होतात आणि विषाणूला कापायचे अंतरही कमी असते.

एकदा विषाणू मज्जातंतूच्या आत शिरला की शरीराच्या संरक्षक यंत्रणेला तो जवळजवळ दिसेनासा होतो. मेंदूपर्यंत पोहोचून पाण्याची भीती, घशाचे आचके, वाऱ्याची झुळूकही सहन न होणे अशी लक्षणे सुरू झाली, तर आजही या रोगावर इलाज नाही. जे काही करायचे ते हा संथ प्रवास सुरू होण्याआधी किंवा तो चालू असतानाच करावे लागते, आणि सुदैवाने तेवढा अवधी निसर्गाने दिलेला आहे.

पहिले काम जखम धुण्याचे. विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण ते आवरण मोडून टाकतो. वाहत्या नळाखाली, साध्या कपड्याच्या किंवा अंगाच्या साबणाने, घड्याळ लावून पंधरा मिनिटे जखम धुवायची. पंधरा मिनिटे हा वेळ हातात पाय धरून बसल्यावर फार मोठा वाटतो, मूल रडते, आणि बहुतेक घरांत दोन मिनिटांत धुणे आटोपते. तसे होऊ देऊ नये. नंतर आयोडीनचे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तंबाखू किंवा डिझेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये, कारण त्याने जखम चिघळते आणि तिथला विषाणू अधिक खोल ढकलला जाण्याची भीती असते. आपल्या मुलाच्या जखमेतला चुना साबणाने धुऊन काढावा. जखमेला शक्यतो टाके घालत नाहीत, आणि घालणे भागच असेल तर आधी सिरम (त्याविषयी पुढे सांगितले आहे) देऊन मगच ते घालतात.

दुसरे काम लसीचे. चौदा इंजेक्शने आणि तीही पोटात, ही आठवण मेंढीच्या मेंदूपासून तयार होणाऱ्या जुन्या लसीची आहे. ती लस देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून तयार होते. सरकारी रुग्णालयात ती बहुधा दंडाच्या कातडीत, अगदी थोड्या मात्रेत, दोन्ही दंडांवर, पहिली मात्रा ज्या दिवशी घेतली त्या दिवशी आणि त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी देतात. स्नायूत द्यायची पद्धत असेल तर चौदाव्या दिवसाची एक मात्रा त्यात वाढते. गरोदर स्त्री, अंगावर पिणारे बाळ, म्हातारी माणसे, सर्वांना ही लस घेता येते.

तिसऱ्या कामाबद्दल वाचकांना सर्वांत कमी माहिती असते. लस घेतल्यावर शरीरात पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निष्प्रभ करणारे घटक, तयार व्हायला सुमारे एक ते दोन आठवडे लागतात. जखमेत रक्त आले असेल, म्हणजे आपल्या मुलासारखी अवस्था असेल, तर तेवढे दिवस विषाणूला मोकळे सोडणे परवडत नाही. अशा वेळी तयार प्रतिपिंडांचे सिरम खुद्द जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. आधीच दुखणाऱ्या जागी सुई घेणे वेदनेचे असते आणि काही ठिकाणी ते दंडात किंवा कमरेत देऊन वेळ भागवली जाते, पण विषाणू जिथे आहे तिथेच ते पोहोचले पाहिजे. लसीच्या पहिल्या मात्रेपासून सात दिवसांच्या आत ते देता येते. 'सिरम देणार का आणि जखमेत देणार का' हे आपण स्वतः विचारावे. रुग्णालयात ते नसेल, तर कुठे मिळेल ते तेथूनच लिहून घ्यावे.

दहा दिवसांच्या निरीक्षणाला शास्त्रीय आधार आहे. लाळेत विषाणू येऊ लागल्यानंतर बाधित कुत्रा दहा दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, म्हणून दहा दिवसांनंतर तो धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. परंतु त्या निरीक्षणाचा उपयोग, सुरू केलेली लस पुढे चालू ठेवायची की थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवण्यासाठी असतो. लस सुरू करण्यासाठी दहा दिवस थांबणे हा त्या नियमाचा उलटा अर्थ झाला, आणि या उलट्या अर्थाने आपल्याकडे मुले गेली आहेत. जगात दरवर्षी रेबीजने सुमारे ५९,००० माणसे मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मृत्यू भारतातले आहेत. लस शोधली गेली १८८५ मध्ये, हे लक्षात घेतले की ही संख्या सहन होत नाही. शेजारच्या गोव्यात गेल्या दशकात कुत्र्यांनाच सातत्याने आणि घरोघर, गल्लोगल्ली लस टोचण्याची मोहीम झाली आणि तिथे माणसांचे रेबीजचे मृत्यू जवळजवळ थांबले. आपल्या नगरपालिकांनाही हे जमण्यासारखे आहे, आणि ते मागितले पाहिजे.

प्रश्न : आमची म्हैस खाणे सोडून लाळ गाळू लागली आणि चार दिवसांत मेली. ती पिसाळली होती असे नंतर पशुवैद्यकांनी सांगितले. वाडीतल्या सगळ्यांनी तिचे दूध चहात घेतले आहे. सगळे लस घ्यायला निघाले आहेत. — एक शेतकरी, सातारा जिल्हा

उत्तर : उकळलेल्या दुधाने रेबीज होत नाही, कारण उष्णतेने विषाणू मरतो. चहा प्यायलेल्यांनी निश्चिंत राहावे. मात्र एक माणूस शोधून काढावा. पिसाळलेल्या जनावराला गिळता येत नाही आणि ते घशात काही अडकल्यासारखे करते, म्हणून घरातले कोणीतरी हमखास त्याच्या तोंडात हात घालून पाहते. ज्याने तसा हात घातला किंवा औषध पाजले, आणि ज्याच्या बोटांवर खरचटे, चिरा किंवा जखमा होत्या, त्याने त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : आम्ही शेतावरच्या घरात जमिनीवर झोपतो. माझा आतेभाऊ पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. जेवण बाधले असेल म्हणून ओवा दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या आपोआप मिटू लागल्या आणि बोलणे जड झाले. रुग्णालयात मण्यार चावल्याचे निदान झाले आणि तो वाचला. पण अंगावर कुठेही दाताची खूण नव्हती. असे होऊ शकते का? घट्ट पट्टी बांधायला हवी होती का? गावात उतारा देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे गेलेले बरेच लोक बरे झालेले आम्ही पाहिले आहेत. — एक तरुण शेतकरी, जुन्नर तालुका

उत्तर : असे होऊ शकते, आणि मण्यारीच्या बाबतीत वारंवार होते. मण्यार रात्री हिंडते आणि भक्ष्याच्या मागावर घरात येते. तिचे दात बारीक असतात, चावा जवळजवळ दुखत नाही, सूज येत नाही आणि झोपेतला माणूस कूस बदलून पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात दुखणे, उलटी, घसा धरल्यासारखे वाटणे हे पहिले लक्षण असते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस रात्री-पहाटे पोट धरून उठला आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो मण्यारीचा दंश समजून चालावे. आपल्या भावाला रुग्णालयात नेण्याचा निर्णय ज्याने घेतला त्याने त्याचा जीव वाचवला आहे.

स्नायू हलतो तो मज्जातंतूच्या टोकातून सुटणाऱ्या एका रसायनामुळे. नागाचे विष स्नायूच्या बाजूला जाऊन हे रसायन स्वीकारण्याची जागा अडवते, तर मण्यारीचे विष प्रामुख्याने मज्जातंतूच्या टोकालाच निकामी करते. परिणाम दोन्हीकडे एकच होतो, निरोप निघाला तरी स्नायूपर्यंत पोहोचत नाही. आधी पापण्या पडतात, मग डोळे फिरत नाहीत, गिळता येत नाही, आवाज बसतो, मान धरवत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. या सगळ्या काळात मेंदू मात्र जागा असू शकतो. डोळे मिटलेला, हात-पाय न हलवणारा, बाहुल्या विस्फारलेला रुग्ण मेलेला वाटतो, नातेवाईक शेजारी उभे राहून अंत्यसंस्काराचे बोलतात आणि त्याला ते सगळे ऐकू येत असते. अशा रुग्णाला तोंडाला लावायच्या फुग्याने किंवा यंत्राने श्वास देत राहिले, तर मज्जातंतूंची टोके काही दिवसांनी पुन्हा तयार होतात आणि तो उठून बसतो. म्हणून सर्पदंशाचा रुग्ण थंड वाटला तरी त्याला मृत मानून गाडी मागे फिरवू नये.

घोणस आणि फुरसे यांचे विष वेगळ्या मार्गाने जाते. ते रक्त गोठवणाऱ्या घटकांनाच कामाला लावून संपवून टाकते, त्यामुळे हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमांतून रक्त येऊ लागते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. लहान रुग्णालयातही हे ओळखण्याची एक साधी तपासणी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचे, ती नळी वीस मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदा तिरकी करून पाहायची. रक्त घट्ट झाले असेल तर ते जागचे हलत नाही, पातळच असेल तर ओघळते. ओघळले तर विष रक्तात आहे. कोकणात, विशेषतः रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या कातळावर, फुरशाचे दंश इतके होतात की तिथल्या परिचारिका ही तपासणी हातचा मळ असल्यासारखी करतात.

आता पट्टीबद्दल. दोरी, रुमाल, करदोटा घट्ट बांधल्याने विष थांबत नाही, हातापायाचा रक्तपुरवठा मात्र थांबतो, आणि घोणशीच्या दंशात आधीच खराब होत असलेले मांस सडण्याला मदत होते. काप घेणे, चोखणे, बर्फ लावणे यांनीही नुकसानच होते. चावलेला हात किंवा पाय, हाड मोडल्यावर जसा फळीला बांधून स्थिर ठेवतात तसा ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण सूज येण्याआधी काढावेत, रुग्णाला चालू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्यावे. साप मारण्यात वेळ घालवू नये, कारण आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. ते घोड्यांच्या शरीरात तयार करून घेतलेल्या प्रतिपिंडांचे असते आणि मुलांनाही मोठ्यांइतकेच द्यावे लागते, कारण साप मूल पाहून कमी विष सोडत नाही.

प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते, परंतु मज्जातंतूचे जे टोक निकामी झाले ते त्याने दुरुस्त होत नाही. उतारा घेण्यात गेलेल्या दोन तासांची किंमत इथे मोजावी लागते. त्या गृहस्थांकडे गेलेले लोक बरे होतात हे आपण पाहिलेले खरे आहे. आपल्या भागातले बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. हे सर्व लोक घरी बसले असते तरी बरे झाले असते. खऱ्या विषबाधेचा रुग्ण त्यांच्याकडून हलवेपर्यंत उशीर झालेला असतो आणि मग मृत्यूचे खापर रुग्णालयावर फुटते. त्या गृहस्थांवर राग धरण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावे. रुग्ण दारात आला की मंत्र म्हणत म्हणतच त्याला गाडीत बसवायचे, एवढे त्यांनी मान्य केले तरी गावाचे मोठे काम होईल.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मरतात असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज आहे. मरणारे बहुतेक शेतावरचे असतात. खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीपासून फार चांगले संरक्षण देते. खाट घेणे शक्य नसेल तर निदान मच्छरदाणी घ्यावी. अंधारात पाय टाकण्याआधी विजेरी लावावी आणि धान्याची पोती झोपण्याच्या खोलीत ठेवू नयेत, कारण उंदरांमागून साप येतो.

प्रश्न : कोकणात लाल विंचू चावल्यावर मुले मरत असत असे आई सांगते. आता त्यावर औषध आहे का? — एक वाचक, डोंबिवली (मूळ गाव रायगड जिल्हा)

उत्तर : आईंचे म्हणणे खरे आहे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंतील सोडियमची दारे उघडी ठेवते, त्यामुळे मज्जातंतू थांबेचनात आणि शरीरात उत्तेजक रसायनांचा पूर लोटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. मूल घामाने निथळते, उलट्या करते, हातपाय थंडगार पडतात आणि खोकल्यातून गुलाबी फेस येतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या रुग्णांशेजारी रात्री काढून हा क्रम टिपला आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीचा त्यावर उपयोग केला. नंतर त्या गोळीबरोबर विंचवाचे प्रतिविषही दिल्यास रुग्ण लवकर सावरतो हे त्यांनी महाडमध्येच पाहणी करून दाखवले. या कामाची दखल जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांनी घेतली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावी राहून, हातात असलेल्या साध्या साधनांनी केलेल्या या संशोधनाचा मराठी माणसाने अभिमान बाळगावा.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की नुसत्या दुखण्याने घाबरण्याचे कारण नाही. नांगी लागलेल्या जागी कळा मारत असतील पण अंग कोरडे आणि हातपाय उबदार असतील, तर रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. वेदना कमी आणि घाम, उलटी, गार हातपाय जास्त, ही अवस्था धोक्याची, आणि तिला क्षणाचाही उशीर चालत नाही. लहान मुलाला मात्र दोन्ही अवस्थांत दाखवावेच.

प्रश्न : माझ्या दीड वर्षाच्या नातीला जुलाब होतात तेव्हा पाणी दिले की जुलाब वाढतात, म्हणून सूनबाई पाणी तोडते. औषधाच्या दुकानात खोक्यातले तयार गोड पेय दिले, ते चालेल का? — एक आजी, नाशिक

उत्तर : पाणी तोडू नये. जुलाबाने मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. पाणी दिल्यावर शी झाली तरी पोटात गेलेल्यापैकी बराच भाग शरीर ठेवून घेते, फक्त त्या पाण्यात साखर आणि मीठ योग्य प्रमाणात हवे.

लहान आतड्याच्या अस्तरात साखर आत घेणारी जी यंत्रणा असते, ती सोडियमला बरोबर घेतल्याशिवाय साखर आत घेत नाही, आणि ही दोन आत गेली की त्यांच्यामागून पाणी जाते. पटकीसारख्या (कॉलरा) रोगात आतड्यातून पाणी बाहेर ओतले जात असतानाही ही वाट उघडी राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धातून पळून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पुड्या करून ते पाणी पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिले. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉक्टर नसलेल्या, घाबरलेल्या, चिखलात बसलेल्या आयांनी आणि बापांनी ती मुले वाचवली, ही गोष्ट मला वैद्यकाच्या इतिहासात फार मोठी वाटते.

साखर जास्त झाली की मात्र हीच यंत्रणा उलट फिरते. आत न गेलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. खोक्यातल्या अनेक गोड पेयांचा दोष हाच आहे, आणि अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' (जुलाबात तोंडाने द्यायचे मीठ-साखरेचे पाणी) ही अक्षरे वापरण्यास अन्न सुरक्षा नियामकाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. ओआरएसची पुडी, तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहून घ्यावी आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, बहुधा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण पुडी एकदम विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की प्रमाण बिघडते. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ चालते. मीठ कधीही अंदाजाने वाढवू नये. चमच्या-चमच्याने द्यावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा आणखी हळू सुरू करावे. अंगावरचे दूध, भाताची पेज, वरणाचे पाणी चालू ठेवावे. आशाताईंकडून जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्याव्यात, त्याने आतड्याचे अस्तर लवकर भरून येते. डोळे खोल गेले, सहा तासांत लघवी झाली नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर गेली, शौचात रक्त आले किंवा मूल निपचित पडले, तर घरी थांबू नये.

प्रश्न : माझी भाची अंघोळीला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दार तोडले तेव्हा ती बेशुद्ध होती. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ९८ दिसत होता, म्हणून फीट आली असे ठरले. न्हाणीघरात गॅसचा गिझर आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : फीट ठरवण्याआधी त्या गिझरचा विचार झाला पाहिजे. बंद खोलीत गॅस जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा तो दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे रक्त वाहत राहते पण मेंदूला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, मळमळ, पायांतले बळ जाणे, आणि दाराची कडी काढायचे त्राण उरायच्या आत शुद्ध हरपणे, असा क्रम असतो. बोटाला लावायचे साधे यंत्र या वायूने भरलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो आणि सगळेच फसतात. शिरेतले किंवा धमनीतले रक्त वेगळ्या यंत्रावर तपासूनच हे कळते.

असा माणूस सापडला तर आधी गॅस बंद करून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात पूर्ण मात्रेत प्राणवायू द्यायला सांगावे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर ते काम तासा-दीड तासात होते. गॅसचा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत बसवून नळाने पाणी आत घ्यावे. पावसाचे पाणी येते म्हणून वायुवीजनाची खिडकी कागदाने बंद केली असेल तर आजच उघडावी. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी घेऊन झोपण्याचा धोकाही हाच आहे.

प्रश्न : कामावरून येताना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागते. पायाला भेग आहे. लेप्टोच्या गोळ्या घ्याव्यात का? — एक वाचक, कुर्ला

उत्तर : घ्याव्यात, पण डॉक्टरांना विचारून आणि ७२ तासांच्या आत. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे येणारा ताप. उंदीर आणि गुरे यांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यात उतरतात आणि भेगेतून किंवा डोळ्यांच्या पातळ त्वचेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती, आणि कोकणात भातलावणीनंतर तो दरवर्षी दिसतो. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यात जखमेचा आणि पाण्याचा संपर्क विचारून डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ते चालत नाही, त्यांच्यासाठी दुसरे औषध असते. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि भेगेवर पाणी न शिरणारी पट्टी लावून गमबूट वापरावेत. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप आला, पोटऱ्या दाबल्या तरी कळवळायला झाले किंवा डोळे लाल झाले, तर तुंबलेल्या पाण्यातून चालल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. मूत्रपिंडे आणि यकृत बिघडण्याआधी औषध सुरू होण्यासाठी तेवढी एक माहिती पुष्कळदा पुरते, आणि रांगेतल्या प्रत्येक तापकऱ्याला डॉक्टर ती विचारू शकतीलच असे नाही.